खालच्या ड्रॉवरमधला कुंदा

बंगळूरला नोकरी लागल्यावर मला मिळालेलं पहिलं काम विमानाचं नव्हतं, स्कूटरचं होतं.

आमचं ऑफिस येलहंक्याच्या जरा पुढे. काम असं, की कुठल्या तरी विमानाला कुठे तरी मार बसतो. सामान चढवणारी गाडी घासते, गारा पडतात, पक्षी आदळतो. मग तिथलं खराब झालेलं पत्र्याचं कातडं कापून काढायचं आणि ठिगळ लावायचं. ते ठिगळ केवढं, किती जाड, त्याला रिव्हेट किती, आणि ते लावल्यावर विमान पुढची कित्येक वर्षं सुखानं उडेल की नाही, याचं गणित आम्ही करतो. मुलाखतीत हे सगळं मी फाडफाड इंग्रजीत सांगून आले होते. पहिल्या दिवशी एक उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ टेबलाशी आले. त्यांनी माझ्यासमोर बारा पानांची एक फाईल ठेवली आणि म्हणाले, "तपास. जेवायच्या आधी दे."

फाईलवर रिपोर्ट नंबर होता, तारीख होती, आकृत्या होत्या. आत एका स्कूटरच्या पाय ठेवायच्या पत्र्याला गंजून पडलेलं भोक आणि त्यावरचं अ‍ॅल्युमिनियमचं ठिगळ. भार या सदराखाली लिहिलं होतं, 'चालक एक. मागे पत्नी एक. घराजवळचा मोठा खड्डा, वेग मध्यम.' मी मनात म्हटलं, नव्या मुलीची फिरकी घेताहेत. दहा मिनिटांत 'ठीक' असं लिहून फाईल परत दिली.

त्यांनी मला खाली पार्किंगमध्ये नेलं. तिथे ती स्कूटर होती, आणि पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमधून कापून आणलेलं ते ठिगळही होतं, गोल कोपऱ्यांचं, रिव्हेटांच्या सरळ रांगांचं.

"यावर काय काय ठेवतात, विचारलंस?"

"तुम्ही आणि काकू. लिहिलंय की रिपोर्टात."

"आणि रविवारी पायाजवळ पंचवीस किलो तांदळाचं पोतं ठेवतो, ते?"

"ते नव्हतं लिहिलं."

"मी मुद्दाम गाळलं. तू विचारायचं की गं! कागद सांगतोय तेवढंच खरं म्हणून बसलीस तर विमानाचं काय करशील?"

मी पुन्हा गणित केलं, पोत्यासकट. मागच्या रांगेत एक रिव्हेट कमी पडत होतं. त्या शनिवारी त्यांनी पीण्याला जाऊन ते मारून आणलं आणि सोमवारी मला बोलावून दाखवलं. आपलं पोरगं पहिलं आल्यासारखा चेहरा होता त्यांचा.

त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. आमच्या ऑफिसातल्या कन्नड लोकांनाही तो शब्द आपलाच वाटायचा, त्यामुळे त्यांचं खरं आडनाव बऱ्याच जणांना ठाऊकच नव्हतं. मूळचे बेळगावकडच्या एका खेड्यातले. सरकारी कारखान्यात उभी हयात काढून निवृत्त झाले आणि आमच्याकडे आले. भाजी कन्नडमध्ये घ्यायचे, रिपोर्ट इंग्रजीत लिहायचे आणि रागवायचे मराठीत. त्यामुळे त्यांच्या रागाचा पुरेपूर लाभ आख्ख्या मजल्यावर मला एकटीलाच मिळायचा. बाकीचे नुसते हसून "सरी अण्णा, सरी" म्हणायचे आणि सुटायचे.

आमच्या डोक्यावरून हवाई दलाची विमानं जायची. विमान आलं की अण्णा बोलता बोलता थांबायचे, अगदी शब्दाच्या मध्यावर. मान वर करून ते आवाज संपेपर्यंत ऐकायचे, आणि मग त्याच शब्दाच्या उरलेल्या अर्ध्यापासून पुढे सुरू करायचे. एकदा मोठ्या साहेबांसमोर ते "हे डिझाइन अगदी मूर्ख..." इथे थांबले. एकामागून एक तीन विमानं गेली. साहेबांचा रंग उडाला होता. मग अण्णा शांतपणे म्हणाले, "...पणानं कुणी वापरलं तरी तुटणार नाही."

'असेल' या शब्दाचं त्यांना वावडं होतं. 'बहुतेक'चंही. स्वतःला एखादी गोष्ट ठाऊक नसली की ते फक्त म्हणायचे, "मोजलं नाही." आणि हे फक्त कामापुरतं नव्हतं. "अण्णा, आज पाऊस येईल का?" मोजलं नाही. "अण्णा, भूक लागली का?" मोजलं नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नात व्याह्यांनी विचारलं म्हणे, "आमचा मुलगा पसंत आहे ना मनापासून?" त्यावरही हेच उत्तर येणार होतं. काकूंनी वेळीच कोपर मारलं म्हणून लग्न झालं.

कॉम्प्युटरवर आम्ही जी चित्रं काढतो, कुठे ताण जास्त तिथे लाल, कुठे कमी तिथे निळा, त्याला अण्णा रांगोळी म्हणायचे. "छान काढलीस रांगोळी. आता एका कागदावर हातानं दाखव." एका पानात, पेन्सिलीनं, भार इथून येतो आणि इथून जातो हे दाखवता आलं नाही, तर ती रांगोळी कितीही सुरेख असो, ते पुसायला लावायचे. आधी मला याचा भयंकर राग यायचा. पुढे पुढे मीच आधी पेन्सिल उचलायला लागले, पण हे त्यांना कळू दिलं नाही.

आणि त्या पट्ट्या. किल्ल्यांचा जुडगा असतो तसा पत्र्याच्या पट्ट्यांचा एक जुडगा त्यांच्या टेबलावर असायचा. प्रत्येक पट्टी वेगळ्या जाडीची. जाता-येता कुणालाही थांबवायचे. "डोळे मीट. सांग किती?" आपण चिमटीत पट्टी धरायची, अंगठा कडेवरून फिरवायचा आणि जाडी सांगायची. चुकलं की ते आनंदानं "न्हवं!" म्हणायचे. सुरुवातीला मी सरसकट चुकायचे. दुसऱ्या वर्षी मी दहापैकी नऊ बरोबर सांगायला लागले, आणि मला वाटतं माझ्या आयुष्यात मला कुठल्या गोष्टीचा इतका निरर्थक अभिमान वाटला नसेल. हॉटेलात गेले तरी मी ताटलीची कड चाचपून पाहायचे. बरोबरच्या मैत्रिणींनी माझ्यासोबत जेवायला जाणं कमी केलं.

हँगरमधून कापून काढलेले खराब तुकडेही अण्णा मागवून घ्यायचे. एरवी ते भंगारात जातात. अण्णांच्या टेबलावर मात्र चेपलेले, चिरलेले, गारांनी खळ्या पडलेले असे तुकडे मांडून ठेवलेले असत. "दुखणं बघितल्याशिवाय औषध लिहू नये," म्हणायचे. खरं तर त्यातल्या निम्म्यांवर ते चहाचा कप ठेवत.

आता कुंद्याकडे येते.

अण्णांच्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये स्टीलचा एक डबा असे, आणि त्यात आटवलेल्या दुधाचा बेळगावचा कुंदा. दर पंधरवड्याला कुणी भाचा, कुणी मेव्हणा तो घेऊन यायचा. नियम एकच. ज्याला आपल्या गणितातली चूक स्वतः सापडेल, आणि जो ती आपण होऊन अण्णांना येऊन सांगेल, त्याला एक चमचा कुंदा. चूक दुसऱ्यानं काढली तर कुंदा नाही, शिव्या. चूक लपवली आणि नंतर उघडकीला आली, तर काय, हे कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि पाहायची इच्छाही नव्हती.

चूक सांगायला माणूस आला की अण्णा खुर्चीतून उठून उभे राहायचे. कुणी वरिष्ठ आल्यावर उठतात तसे. सगळं ऐकून घ्यायचे, मग डबा काढायचे, चमचा भरायचे आणि स्वतःच्या हातानं द्यायचे. खाऊन संपेपर्यंत चुकीबद्दल एक शब्द नाही. स्वतः मात्र खात नसत. त्यांना साखरेचा त्रास होता आणि काकूंचा कडक पहारा. रोज दुपारी चार वाजता काकूंचा फोन यायचा, तोही अण्णांना नाही, मला. "आज त्यांनी काही गोड खाल्लं काय?" मी प्रामाणिकपणे "नाही काकू" म्हणायचे. त्या मला साक्षीदार मानत, कारण मी मराठी होते आणि त्यांच्या मते मला खोटं बोलता येत नव्हतं.

उरलेला कुंदा पंधरवड्याच्या शेवटी गेटवरच्या गार्डला जायचा. त्यामुळे आमच्या इमारतीत आमच्या चुका होऊ नयेत अशी मनापासून प्रार्थना करणारा तो एकटाच होता. शुक्रवारी मी बाहेर पडताना तो आशेनं विचारायचा, "ई वार तप्पु इल्लवा मॅडम?" या आठवड्यात चूक नाही ना? मी ताठ मानेनं सांगायचे, "माझी तर नाही."

तीन वर्षांत मी एकदाही कुंदा खाल्ला नव्हता. माझा रिपोर्ट मी तीनदा तपासायचे, चौथ्यांदा घरी नेऊन तपासायचे. माझ्या मते हे मोठंच भूषण होतं. आणि आमच्याकडे ज्याला त्याला एकच मोठं स्वप्न असतं, ते म्हणजे सहीचा अधिकार. तो मिळेपर्यंत तुम्ही गणित करता, पण शेवटची सही दुसऱ्याची असते. तो मिळाला की तुमच्या सहीवर विमान हँगरबाहेर पडतं. त्यासाठी नाव अण्णांनी सुचवावं लागे, वर्षातून एकदा.

दोन वर्षं त्यांनी माझं नाव सुचवलं नाही. माझ्यानंतर आलेल्या हुबळीच्या एका मुलाचं सुचवलं, ज्यानं नऊ वेळा कुंदा खाल्ला होता! साताऱ्याहून बाबा दर रविवारी फोनवर विचारायचे, "मग, सही मिळाली का?" आणि मी विषय बदलून तिथल्या पाण्याच्या टाकीची चौकशी करायचे. तिसऱ्या वर्षी नावं जायच्या आठवड्यात माझा धीर सुटला. मी तरातरा अण्णांकडे गेले.

"अण्णा, माझी एक तरी चूक दाखवा."

"तेच की. मला दिसत नाही."

"मग?"

"मला न्हवं, तुला दिसायला पाहिजे. तीन वर्षं झाली, डब्याला हात लावला नाहीस. चुका सगळ्यांच्या होतात. आपली चूक समोर आली तर तू काय करतीस, ते मला माहीत नाही."

"मी सांगेनच ना!"

अण्णांनी शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "मोजलं नाही," म्हणाले.

जागेवर येऊन मी इतकी चिडले होते की डोळ्यांत पाणी आलं. चुका न करण्याची शिक्षा होते अशी ही जगातली एकमेव कचेरी असणार, असं मी त्या हुबळीकराला ऐकवलंसुद्धा. त्यानं सहानुभूतीनं मान हलवली. त्याचं पोट भरलेलं होतं, त्याला काय!

त्याच आठवड्यात गुरुवारी माझं एक काम हँगरमध्ये चालू होतं. सामानाच्या दाराजवळ एका गाडीनं विमानाला चेपलं होतं. चेपलेला भाग कापून झाला होता. आतून ठिगळ बसणार होतं, आणि बाहेरून वाऱ्याला अडथळा नको म्हणून रिव्हेटांची डोकी कातड्यात रुतवून सपाट करायची होती. रिपोर्ट माझा, त्याखाली सही अण्णांची. दुपारी तीन वाजता फोरमन भोकं पाडायला घेणार होता.

दीडच्या सुमारास हँगरची गाडी आली आणि ड्रायव्हरनं अण्णांसाठी कापलेला तुकडा आणून दिला. अण्णा जेवायला गेले होते, म्हणून त्यानं तो माझ्या टेबलावर ठेवला. मी आईशी फोनवर बोलत होते. भाचीच्या बारशाला मी घरी येणार की नाही, यावर आमचं घनघोर चाललं होतं. बोलता बोलता मी तो तुकडा सहज उचलला आणि सवयीनं कडेवरून अंगठा फिरवला.

माझ्या अंगठ्यानं सांगितलं, एक पॉइंट चार.

माझ्या रिपोर्टात एक पॉइंट आठ होतं.

मी आईला म्हटलं, "नंतर करते," आणि फोन ठेवला. पुन्हा अंगठा फिरवला. रंगासकट एक चारच्या वर जात नव्हता. ड्रॉवरमधून मायक्रोमीटर काढून लावला. अंगठा बरोबर होता. मग ड्रॉइंग उघडलं आणि चूक दिसली. या जातीच्या विमानांचं वजन कमी करायला कारखान्यानं एका ठरावीक नंबरापासून पुढच्या विमानांना त्या जागी पातळ पत्रा वापरला होता. त्याचं वेगळं पान होतं. आमचं विमान त्या नंबराच्या पुढचं होतं, आणि मी आधीचं पान घेतलं होतं. रिपोर्ट चारदा तपासला होता मी, पण चारही वेळा तेच पान समोर ठेवून!

पातळ पत्र्यात रिव्हेटाचं तेवढंच मोठं डोकं रुतवलं की भोकाची कड सुरीसारखी धारदार होते, आणि भेग तिथूनच सुरू होते. विमान उद्या पडलं नसतं, परवाही नाही. पण कधी तरी, काही वर्षांनी, त्या कडेला एक बारीक केस दिसला असता. किंवा दिसला नसता, आणि ती भेग वाढत राहिली असती. तोवर हे गणित कुणाचं, हे कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं.

खोटं कशाला सांगू, मी पाच-सात मिनिटं नुसती बसून राहिले. तुकडा भंगारात टाकला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. उद्या नावं जाणार होती. आणि परवाच मी या माणसासमोर उभी राहून 'माझी एक तरी चूक दाखवा' म्हणाले होते. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त मला अण्णांचा राग येत होता. एवढ्या खात्रीनं मी 'सांगेनच' म्हणाले होते, आणि आता कळत होतं की त्यांचं खरं होतं. तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

मग मी फोरमनला फोन लावला. "भोकं पाडू नका. रिपोर्ट चुकलाय. माझी चूक आहे." तो कन्नडमध्ये जे काही बोलला त्यातलं निम्मं मला कळलं, तेवढं पुरे होतं. मग तुकडा हातात घेऊन मी अण्णांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. ते नुकतेच जेवणाचा डबा धुऊन येत होते.

"अण्णा, पत्रा एक चार आहे. मी एक आठ धरला. चुकीचं पान घेतलं. काम थांबवलंय."

अण्णांनी डोळे मिटले, तुकडा माझ्या हातातून घेतला, अंगठा फिरवला. डोळे उघडले तेव्हा ते इतके हसत होते की मला वाटलं मी काही तरी वेगळंच बोलले. सगळा मजला आमच्याकडे बघत होता. अण्णांनी खालचा ड्रॉवर उघडला, डबा काढला, चमचा काठोकाठ भरला.

"घे. तीन वर्षं वाट बघायला लावलीस."

मी खाल्ला. कुंदा इतका चांगला असतो हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. मी रडत होते, आणि तोंड कुंद्यानं भरलेलं, म्हणजे दृश्य काही फार सुंदर नसणार. हुबळीकरानं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच.

अण्णांनी डबा बंद केला नाही. दुसरा चमचा काढला आणि हातात धरून ते बघत राहिले.

"या रिपोर्टावर खाली सही कुणाची आहे गं?"

"तुमची."

"म्हणजे मीबी तेच पान बघून बसलो होतो. चूक तुला सापडली, मला नाही. नियमानं मला कुंदा मिळत नाही, शिव्या मिळतात."

"मी शिव्या देणार नाही, अण्णा."

"मग माझं काय करायचं?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. अजून तीनही वाजले नव्हते, पण काकू त्या दिवशी बाजारात जाणार होत्या, म्हणून त्यांनी साक्ष लवकर घ्यायचं ठरवलं होतं. "आज काही गोड खाल्लं काय त्यांनी?"

अण्णा चमचा धरून माझ्याकडे बघत होते. आख्खा मजला बघत होता. मी काकूंना सगळं सांगितलं, पान, पत्रा, अंगठा, दोन सह्या.

"म्हणजे चूक दोघांची?" काकूंनी विचारलं.

"हो काकू, दोघांची."

"मग अर्धा चमचा दे. स्वल्पच. आणि सांग, संध्याकाळी स्कूटर नको, चालत या म्हणावं."

अण्णांनी तो अर्धा चमचा खाल्ला. खाताना डोळे मिटले होते, पट्टीची जाडी ओळखताना मिटायचे तसे. मी विचारलं, "कसा आहे?" ते म्हणतील 'मोजलं नाही', अशी माझी खात्री होती. पण ते म्हणाले, "फार छान. फार म्हणजे फारच छान!"

आम्ही दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत नवा रिपोर्ट केला. रिव्हेट बारीक, एक रांग जास्त. ग्राहकानं एक दिवस उशीर झाला म्हणून आरडाओरडा केला, तो अण्णांनी ऐकून घेतला, आणि मध्ये डोक्यावरून विमान गेलं तेव्हा त्याला फोनवर थांबायलाही लावलं. शुक्रवारी नावं गेली. त्या वर्षी अण्णांनी एकच नाव सुचवलं होतं. मी साताऱ्याला फोन केला, तर मी बातमी सांगायच्या आधीच बाबांनी मला पाण्याच्या टाकीबद्दल सांगायला सुरुवात केली.

आता अण्णा गावी असतात. येलहंक्याचं घर विकून गेले, स्कूटर मात्र घेऊन गेले, ठिगळ अजून शाबूत आहे म्हणतात. खालचा ड्रॉवर माझ्याकडे आला. दर पंधरवड्याला त्यांचा भाचा कुंदा आणून देतो, आणि अण्णांचा फोन येतो. तब्येत, हवा, मुलंबाळं काही नाही. एकच प्रश्न. "डबा कितीपर्यंत आलाय?" जितका रिकामा तितके ते खूश.

गेल्या मंगळवारी फोन आला. मी सांगितलं, "भरलेला आहे, अण्णा. पंधरा दिवसांत कुणीच आलं नाही. सगळे फार छान काम करताहेत."

"भरलेला?" त्यांचा आवाज एकदम उतरला. "एवढे जण, एवढी कामं, आणि डबा भरलेला? असं होतंय होय कुठं?"

"मग काय करू?"

"बघ की गं."

मी फोन ठेवला. कुणापासून सुरुवात करावी याचा जरा वेळ विचार केला, आणि मग माझीच फाईल काढली. चार वाजायच्या आत पान सत्तावीसवर ती सापडली. छोटीच होती, विमानाला काही होणार नव्हतं, पण चूक ती चूक. मी मजल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती सांगितली, उभी राहून, आणि एक चमचा कुंदा खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलाशी तिघं जण येऊन उभे होते.